सातवं रीळ

राखेच्या बुधवारनंतरचे शुक्रवार.
नेमुनास नदीवरचा बर्फ रात्रीतून तडकू लागतो,
आणि फादर रिमविदास माझ्या दारावर काठी आपटतात:
"प्रानास, यंत्र पुसून ठेव."

मी पुसतो.
मला प्रार्थना येत नाही, फिल्म ओवता येते.
आईच्या अंगठ्याखालून जपमाळ सरकायची
तशी, भोकाभोकाने.

याच चर्चमध्ये मी अठरा वर्षं सिनेमा दाखवला,
सरकारने घंटा उतरवून नेली होती तेव्हा.
वेदीच्या जागी पडदा, कबुलीच्या कपाटात तिकिटं.
ट्रॅक्टर, धरणं, गव्हाच्या लाटा, हसऱ्या दूधवाल्या.
पडद्यामागे भिंतीत क्रूसाचा खिळा तेवढा उरलेला.
तो उपटायला मला सांगितलं होतं.
मी पक्कड घरी विसरलो.
अठरा वर्षं विसरत राहिलो.

आता त्याच खिळ्यावर क्रूस आहे,
उपवासकाळ म्हणून जांभळ्या कापडाने झाकलेला,
आणि त्याच्यापुढे आम्ही चादर टांगतो.

सिनेमा मुका, माझ्या वडिलांहून म्हातारा.
खडक पुठ्ठ्याचे, पोरंसुद्धा ओळखतात.
येशू झालेला नट डावखुरा,
भाकर मोडतो डाव्या हाताने,
आणि नखं इतकी स्वच्छ की सुताराची वाटत नाहीत.
पण पेत्र झालेला माणूस,
त्याचे हात बघा.
तो नट नव्हता, पैजेवर सांगतो.
जाळ्याच्या दोरीने कापलेली बोटं रंगवता येत नाहीत.
कोंबडा आरवतो, म्हणजे नुसती चोच उघडते,
आणि तो तोंड लपवायला हात वर नेतो,
मग ते हात कुठे ठेवावेत हेच त्याला सुचत नाही.
इथे मी दरवर्षी भिंग पुसायचं फडकं उगाच शोधतो.

रिळं सात. डबे सहा.
सातवं लढाईत गेलं. जळलं म्हणतात,
कुणी म्हणतं, सैनिकांनी शेकोटी पेटवायला नेलं.
सहावं संपतं धोंड लोटताना.
पट्टी सुटते, चाक फडफडतं,
पडदा कोरा.

तेव्हा वेरुते बोलायची.
सातही रिळं पाहिलेली गावात ती एकटी,
सात वर्षांची असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून.
एका वर्षी म्हणाली:
तो किनाऱ्यावर चूल पेटवतो, मासे भाजतो, बस्स.
पुढच्या वर्षी: त्याचे फक्त पाय दिसतात, दवाने भिजलेले.
एकदा तर: एक कुत्रं असतं. ते त्याला सगळ्यांच्या आधी ओळखतं.
आल्गिमान्तास मास्तर चिडले,
"बाई, एका सिनेमाला तीन शेवट कसे?"
ती राईच्या पावाचं कड चावत होती.
"तुमची आई तुम्हाला रोज एकाच रुमालात आठवते का?"

या हिवाळ्यात वेरुते गेली.
जमीन अशी गोठलेली की खड्ड्याला दोन दिवस लागले.
कुदळ मारणाऱ्यांत मीही होतो.

आज तिच्या जागेवर कुणीतरी हातमोजे ठेवले होते,
जागा धरून ठेवावी तसे.
धोंड लोटली. पट्टी सुटली. फडफड.
पांढरा उजेड पहिल्या बाकांवरच्या चेहऱ्यांवर,
आणि पातळ चादरीतून मागचा क्रूस
दिसेल न दिसेल असा.
कुणी खोकलं. बोललं कुणी नाही.
फादरांनी वळून खूण केली: दिवा बंद कर.

माझं बोट बटणावर होतं.
पक्कड आठवली.

"त्या कुत्र्याचा," मी म्हणालो,
आवाज घोगरा, जन्मभर अंधारात पाठीमागे बसलेल्या माणसाचा,
"एक कान फाटका होता."

साऱ्या माना वळल्या.
"मग?" कुणाच्या तरी नातवाने विचारलं.